दहा खाटांचा वॉर्ड नंतर मागा, आधी गाडी आणि नर्स मागा

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: जिल्ह्यात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना कमी करून आधार देणाऱ्या उपशामक सेवेची, समिती झाली आहे, तालुका आरोग्य अधिकारी म्हणून तुम्ही तिच्यात आहात, आणि पुढच्या पीआयपीत, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडे निधी मागायच्या आराखड्यात, जिल्हा रुग्णालयासाठी दहा खाटांचा स्वतंत्र वॉर्ड मागावा असा बहुतेकांचा सूर आहे. केरळसारखी सेवा आपल्याकडे गावापर्यंत न्यायची तर राज्याकडे नेमकं काय मागायचं, आणि वॉर्ड ही योग्य सुरुवात आहे का, हे तुम्ही विचारता आहात.

वॉर्ड ही योग्य सुरुवात नाही. आता कारणं सांगतो.

मी मूळचा भूलतज्ज्ञ. वेदनांच्या उपचारांकडे वळलो आणि मग वीसेक वर्षं याच कामात राहिलो. त्यातली तीन वर्षं एका सरकारी रुग्णालयात असाच वॉर्ड चालवला. रंगरंगोटी झाली, फीत कापली, फोटो छापून आले. पुढे वॉर्डात दोनच प्रकारचे रुग्ण दिसू लागले. एक, ज्यांचे शेवटचे दोन-तीन दिवस उरलेत आणि ज्यांना दुसऱ्या कुठल्या वॉर्डात ठेवायला कुणी तयार नाही. दुसरे, ज्यांना घरी न्यायला कुणी येत नाही. दोघांनाही सेवा हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांच्यासाठी वॉर्ड काढला होता ते आलेच नाहीत. कमरेखाली लुळा पडलेला, पाठीला जखमा झालेला माणूस पन्नास किलोमीटर वडापमधून ड्रेसिंगला कसा येणार? आणि आणलाच, तर त्या दिवसाची दोघांची मजुरी बुडते. दुसऱ्या खेपेला तो येत नाही. आपण कागदावर लिहितो, ‘रुग्ण पाठपुराव्यास आला नाही’.

आपल्या रुग्णालयांत एक वाक्य रोज बोललं जातं: ‘आता घरी न्या, सेवा करा.’ त्या वाक्यानंतर सरकारी यंत्रणा संपते. सेवा करायची म्हणजे काय, जखमेला वास मारायला लागला तर काय करायचं, रात्री दुखणं वाढलं तर कुणाला फोन करायचा, यातलं काहीच त्या घराला सांगितलेलं नसतं. तुमच्या समितीला काम करायचं असेल तर ते या वाक्यानंतरचं आहे. वॉर्ड त्या वाक्याच्या अलीकडे राहतो.

केरळचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला क्रम बहुतेक जण उलटा वाचतात. कोझिकोडला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी १९९३ मध्ये सुरू झाली, डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्यासारख्या डॉक्टरांच्या पुढाकारानं. नंतर मलप्पुरम आणि आसपासच्या भागात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी आठवड्याचे काही तास द्यायचे, रुग्ण शोधायचे, वर्गणी काढायचे. सरकारी धोरण आलं २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. तोपर्यंत काम कसं चालतं ते लोकांना माहीत झालं होतं. धोरणानं एवढंच केलं की ते काम पंचायतीच्या गळ्यात बांधलं. पंचायतीनं नर्स नेमायची, तिला प्रशिक्षण द्यायचं, घरभेटींचा प्रकल्प आपल्या योजनेत दाखवायचा. वर तालुक्याच्या रुग्णालयाचा आधार, त्याच्या वर वैद्यकीय महाविद्यालयाचा. खाटा या रचनेत आहेत, पण पाया घरभेटीचा आहे. २०१९ मध्ये धोरण सुधारलं तेव्हाही तो पाया हलवला नाही.

आता अडचणीची बाजू. केरळच्या पंचायतीला हे पेललं, कारण १९९६ च्या जनयोजना मोहिमेनंतर राज्याच्या योजना खर्चाचा मोठा हिस्सा थेट स्थानिक संस्थांकडे गेला होता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्या ताब्यात आली होती. आपल्या ग्रामपंचायतीकडे ना तेवढा पैसा, ना आरोग्य केंद्रावर अधिकार. म्हणून ‘केरळ पॅटर्न राबवावा’ असा ठराव करून काही होत नाही. असे ठराव मी तीन तरी पाहिले आहेत.

महाराष्ट्र या विषयात नवखा आहे असंही नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारं केंद्र, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. पॅलिएटिव्ह मेडिसिनचं एमडी देशात पहिल्यांदा सुरू झालं ते मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये. केरळपाठोपाठ महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी धोरणंही केली. पण यातल्या ठळक संस्था पाहा, सगळ्या मुंबई-पुण्यात. बुलढाण्याच्या किंवा नंदुरबारच्या माणसाला त्यांचा उपयोग निदानाच्या वेळी होतो, मरणाच्या वेळी नाही.

आपल्याकडची खरी गाठ कुठे आहे ते सांगतो, कारण प्रस्ताव लिहिताना तुम्हाला तीच सोडवावी लागेल. एकाच रुग्णाचा प्रवास पाहा. कॅन्सरचं निदान होतं वैद्यकीय महाविद्यालयात. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिथून तो येतो जिल्हा रुग्णालयात. ते सिव्हिल सर्जनकडे. गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे (डीएचओ). आणि तो शहरात राहत असेल तर महापालिका. चार मालक, चार वेगवेगळी रजिस्टरं. डिस्चार्ज कार्ड रुग्णाच्या पिशवीत असतं, पण ते पाहून पुढं काही करण्याची जबाबदारी कुणाच्याच नावावर नसते. धोरणानं सगळ्यात आधी करायची गोष्ट ही: डिस्चार्ज झाल्याची खबर रुग्णाच्या गावच्या उपकेंद्राला देणं हे डिस्चार्ज करणाऱ्याच्या कामाचा भाग ठरवणं. याला पैसा लागत नाही. एक शासन परिपत्रक आणि एक फोन नंबर लागतो. आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही विभागांच्या सह्यांचं असं परिपत्रक निघावं ही मागणी तुमच्या समितीनं वर पाठवली, तर वॉर्डापेक्षा मोठं काम होईल.

केंद्राच्या बाजूनं दारं उघडी आहेत. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला. त्याला स्वतःचा भरघोस निधी कधी मिळाला नाही. राज्यांनी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पीआयपीतून मागायचं, असं ठरलं. मागितलं तर मिळतं, न मागता काही येत नाही. २०१८ पासूनच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या, आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या, बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आहे. म्हणजे तुमच्या प्रत्येक उपकेंद्रातल्या सीएचओच्या, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या, कामाच्या यादीत हे काम आत्ताही लिहिलेलं आहे. विचारून पाहा, बहुतेकांना माहीत नसतं. दोष त्यांचा नाही. सीएचओच्या मोबदल्याचे निर्देशांक बीपी-शुगरच्या तपासण्यांभोवती फिरतात, आणि आशाताईंनाही ठरावीक कामांचाच मोबदला मिळतो. ज्या कामाला दर लावलेला नाही ते मागे पडतं.

आता नर्सचं गणित. आमच्या अनुभवात एक प्रशिक्षित नर्स, सोबत आशाताई आणि गाडी असेल तर दिवसाला चार-पाच घरं नीट करते. नीट म्हणजे जखम धुऊन, कॅथेटर बदलून, औषधं मोजून, आणि घरातल्या बाईला दहा मिनिटं रडू देऊन. आठवड्यातले पाच दिवस फिरती आणि एक दिवस कागदपत्रं धरली तर वीस-पंचवीस भेटी होतात. काही रुग्णांना आठवड्याला जावं लागतं, काहींना महिन्यानं चालतं. सरासरी पंधरवड्याला एक धरा. म्हणजे एका नर्सकडे चाळीस-पन्नास रुग्ण. त्याच्या वर आकडा गेला की ती दारातूनच ‘बरं आहे ना?’ विचारून पुढे जाते. तालुक्याला निदान दोन नर्सेस आणि एक गाडी ही माझी किमान मागणी असेल. गाडीचं म्हणाल तर शाळा-अंगणवाड्यांची तपासणी करणाऱ्या आरबीएसके पथकाची गाडी सुट्यांत रिकामी असते. तिच्यावर सुरुवात करता येते. मात्र तसं लेखी घ्या, नाहीतर पहिल्याच ऑडिटला डिझेलवर आक्षेप येईल.

डॉक्टर किती लागतील? तालुक्याला एक, तोही अर्धा वेळ. तुम्हाला पटणार नाही, आपल्या जमातीला हे पटत नाहीच. पण या कामाचा कणा नर्स आहे. डॉक्टर लागतो तो वेदनेचं मूळ शोधायला, मॉर्फिन लिहायला आणि अवघड बोलणं करायला.

मॉर्फिनवर मात्र थांबतो, कारण इथेच सगळे कार्यक्रम अडकतात. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस, आला आणि देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढच्या बारा वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक घसरला. एका बाजूला मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारच्या परवान्यानं अफूची शेती, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने. दुसऱ्या बाजूला कॅन्सरनं ओरडणाऱ्या माणसाला गोळी नाही. रुग्णालयाला एकाच वेळी चार-पाच परवाने लागायचे, वेगवेगळ्या कार्यालयांचे. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी. २०१४ च्या दुरुस्तीनं हे बदललं. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन यांसारख्या सहा औषधांना ‘अत्यावश्यक अमली औषधं’ ठरवून त्यांचे नियम केंद्रानं देशभर सारखे केले. आता संस्थेला एकच मान्यता लागते, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून, आणि ती राज्याचे औषध नियंत्रक देतात. आपल्याकडे म्हणजे एफडीए, अन्न व औषध प्रशासन. संस्थेत वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, साठ्याची नोंदवही हवी, वर्षाचा हिशोब द्यायचा. एवढंच.

एवढंच, तरीही गोळी मिळत नाही, याला कायद्यापेक्षा भीती जास्त कारणीभूत आहे. एका उपजिल्हा रुग्णालयात मी गेलो तेव्हा कपाटात मॉर्फिनच्या गोळ्या होत्या आणि तीन महिन्यांत एकही दिली गेली नव्हती. प्रशिक्षित डॉक्टरची बदली झाली होती. मान्यतेवर त्यांचंच नाव होतं, नव्या डॉक्टरनं ‘ही अफूची भानगड माझ्या काळात नको’ म्हणून हात लावला नव्हता, आणि फार्मासिस्टनं किल्ली कुलूपबंद पाकिटात ठेवली होती. साठा मुदतबाह्य झाला. त्याच रुग्णालयापासून बारा किलोमीटरवर जबड्याच्या कॅन्सरचा एक माणूस डायक्लोफिनॅक या साध्या वेदनाशामकाच्या इंजेक्शनवर दिवस काढत होता.

म्हणून धोरणात तीन गोष्टी अक्षरशः लिहून घ्या. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला आणि निवडक ग्रामीण रुग्णालयांना मान्यता. प्रत्येक ठिकाणी किमान दोन प्रशिक्षित डॉक्टर, म्हणजे एकाची बदली झाली तरी कपाट उघडं राहील. आणि बदली आदेशासोबतच नव्या नावाची सूचना एफडीएला पाठवण्याची जबाबदारी कार्यालयीन अधीक्षकांची, डॉक्टरची नव्हे. मॉर्फिनची तोंडी गोळी स्वस्त आहे, दर चार तासांनी द्यायची, तिला ठरावीक कमाल मात्रा नाही, वेदनेप्रमाणे वाढवत न्यायची. नीट दिली तर वेदनेच्या रुग्णाला व्यसन लागणं फार विरळ. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं. (प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरांना मी पहिला प्रश्न विचारतो: मॉर्फिनसोबत काय लिहाल? जुलाबाची गोळी हे उत्तर आलं की निम्मं काम झालं.)

समितीत कुणीतरी नक्की म्हणेल, हा कॅन्सरचा कार्यक्रम आहे, कॅन्सरच्या निधीतून करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपशामक सेवेची गरज असलेल्या प्रौढांपैकी कॅन्सरचे सुमारे ३४ टक्के. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचे त्याहून जास्त. घरोघर फिरलात की हे दिसतंच. अर्धांगवायू होऊन सात वर्षं खाटेवर असलेली आजी, झाडावरून पडून कमरेखाली संवेदना गेलेला तरुण, डायलिसिस परवडेना म्हणून थांबवलेला रिक्षावाला, दम्यानं बसूनच झोपणारा गिरणीकामगार. यांना मॉर्फिनपेक्षा एअर बेड, कॅथेटर, जखमेचा वास कमी करायला तिच्यावर टाकायची मेट्रोनिडॅझोलची पूड आणि दिव्यांगत्वाचा दाखला जास्त लागतो. कॅन्सरपुरता कार्यक्रम आखलात तर नर्सला यांच्या दारावरून पुढे जावं लागेल, आणि गावात तसं करता येत नाही.

दुसरा कुणी दयामरणाचा विषय काढेल. त्याला सांगा की त्याचा याच्याशी संबंध नाही. इच्छापत्र करून कृत्रिम उपचार नाकारण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला आणि त्याची पद्धत २०२३ मध्ये सोपी केली; तो मुख्यतः अतिदक्षता विभागातला प्रश्न आहे. तुमच्या तालुक्यातल्या बहुतेकांना व्हेंटिलेटर नको म्हणायची वेळच येत नाही. त्यांच्यापर्यंत पॅरासिटामॉलपुढचं औषध पोहोचत नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

पैशाबद्दल. अभियानाचा निधी केंद्र आणि राज्य ६०-४० नं देतात, आणि पीआयपी आता दोन वर्षांचा असतो. म्हणजे या वेळी सुटलेली ओळ दोन वर्षं सुटते. नर्सचं पद कंत्राटी असणार, अकरा महिन्यांचा आदेश, हे गृहीत धरा. पण त्या पदासमोर फिरती भत्ता आणि वाहन या दोन ओळी वेगळ्या लिहून घ्या. मी पाहिलेल्या कार्यक्रमांत नर्स मंजूर झाली आणि वाहन कापलं गेलं, की सहा महिन्यांत ती नर्स लसीकरणाच्या टेबलावर बसलेली दिसायची. एअर बेड, वॉकर, कमोडची खुर्ची अशा वस्तू अभियानातून मागू नका, वेळ जातो. त्या जिल्हा नियोजन समितीतून किंवा वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतून घेता येतात का ते गटविकास अधिकाऱ्यांशी (बीडीओ) बोला. गावातली मंडळंही देतात. एका गावात गणेशोत्सवाच्या वर्गणीतून तीन पाण्याच्या गाद्या आल्या होत्या, आणि त्या गावानं त्यांची नोंदवही आमच्यापेक्षा चोख ठेवली होती.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काय, असं तुम्ही विचारलंय. ती योजना दाखल होण्यावर उभी आहे. शस्त्रक्रिया करा, केमो द्या, पॅकेज मिळतं. घरी जाऊन जखम धुवा, तर नाही. त्यामुळे शेवटच्या महिन्यात ज्या रुग्णाला रुग्णालयाची गरज नाही त्यालाही रुग्णालयाकडे ओढणारी ओढ तयार होते. घरभेटीचं पॅकेज असावं ही मागणी राज्यस्तरावर जरूर लावा, पण तिच्यावर विसंबून जिल्ह्याचं नियोजन करू नका.

मोजायचं काय, हे समितीनं सुरुवातीलाच ठरवलं नाही तर वर बसलेले ठरवतील, आणि ते नोंदणी मोजतील. आशाताई घरोघर जाऊन यादी करतील, पोर्टलवर आकडा जाईल, कार्यक्रम यशस्वी होईल. तुम्ही त्याऐवजी चार आकडे मागा: डिस्चार्जपासून पहिल्या घरभेटीपर्यंत किती दिवस गेले, महिन्यात प्रत्यक्ष किती घरभेटी झाल्या, कुठल्या रुग्णालयात किती दिवस तोंडी मॉर्फिन शिल्लक नव्हतं, आणि मरण पावलेल्या रुग्णांपैकी किती जणांच्या घरी नंतर कुणी भेटायला गेलं. चौथा आकडा ऐकून लोक भुवया उंचावतात. तो ठेवा. दहाव्या-बाराव्याच्या आसपास नर्स त्या घरी जाऊन आली की पुढचा रुग्ण तेच घर कळवतं.

वॉर्डाचं शेवटी सांगतो. अनावर वेदना, श्वास कोंडणं, किंवा सेवा करून करून घरातलं माणूसच आजारी पडणं, यासाठी जिल्हा रुग्णालयात चार खाटा पुरतात. त्या स्वतंत्र वॉर्डात नसल्या तरी चालतील. फिजिशियनच्या वॉर्डाच्या कोपऱ्यात, खिडकीजवळ, नातेवाइकाला रात्री बसायला जागा असेल अशा. त्यांच्यासाठी वेगळं पद मागू नका, फिरतीची नर्सच आळीपाळीनं तिथे येऊ द्या, म्हणजे घरून आलेला रुग्ण आणि घरी जाणारा रुग्ण तिच्या ओळखीचा राहील.

प्रस्तावाचा मसुदा मला पाठवला तरी चालेल. पाठवण्याआधी त्यात रात्रीच्या फोनचा नंबर कुणाकडे असेल ते लिहा, पदनाम नको, आठवड्याच्या वारांसकट पाळी लिहा. आमच्याकडे पहिलं वर्ष तो फोन माझ्याच उशाशी होता. दहापैकी आठ फोन ‘गोळी आत्ता देऊ की सकाळी?’ एवढंच विचारणारे असायचे.